पडलेला नट



पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘पडलेला नट’ असा छापला आहे. तो वाचून काही नाट्यरसिक मंडळी आलेली दिसतात. रंगभूमीवर पडलेल्या नटांविषयी बोलण्याचा अधिकार माझा नाही. तो आपणा प्रेक्षकांचा. मला बोलावयाचे आहे ते लोखंडाच्या नटाविषयी. मोटारसायकल दुरुस्त करताना मिस्त्रीच्या बोटांतून निसटून जो यंत्राच्या पोटात जातो, त्या नटाविषयी आणि त्याच्या सगळ्या भाऊबंदांविषयी: स्क्रू, वायसर, लॉक, चावी, जेट. काल या व्यासपीठावर उपनिषदे झाली, उद्या अर्थसंकल्प आहे. मधला दिवस रिकामा जाऊ नये म्हणून चिटणिसांनी मला धरले असावे.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो १८७५ साली. पेट्रोलवर चालणारी डाइमलरची दुचाकी जर्मनीत धावली ती १८८५ साली. म्हणजे व्याख्यानमाला ही मोटारसायकलपेक्षा दहा वर्षांनी वडील आहे, आणि वडीलधाऱ्यांनी धाकट्याचे गाऱ्हाणे एकदा ऐकून घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे. माझा अधिकार म्हणाल तर इतकाच, की तीस-बत्तीस वर्षे मी मुलांना यंत्रदुरुस्ती शिकवली आणि त्या काळात हजारो वेळा ‘टिण्’ असा आवाज ऐकला.

हा ‘टिण्’ काय असतो ते आधी सांगतो. गाडी उघडलेली आहे. जागा इतकी अडचणीची, की दोन बोटे जातात, तिसरे जात नाही. आणि दोन बोटे आत गेली की डोळ्यांना काही दिसत नाही. नट आट्यांवर टेकतो, टेकल्यासारखा वाटतो, आणि सुटतो. ‘टिण्’ होते. मग सगळे शांत. त्या शांततेनंतरच्या पाच मिनिटांविषयी मी बोलणार आहे, कारण चांगली इंजिने बिघडतात ती पुष्कळदा त्या पाच मिनिटांत.

प्रथम कानाने काम करावयाचे असते. नट फरशीवर पडला तर तो दोन-तीनदा उसळतो, आवाज मोकळा येतो आणि लांब जातो. इंजिनाच्या ओतीव ॲल्युमिनियमच्या पोकळीत पडला तर आवाज कोंदटलेला येतो आणि तिथल्या तिथे थांबतो. तेलात पडला तर बहुधा आवाजच होत नाही. म्हणून जाणता मिस्त्री अवघड जागी हात घालण्याआधीच गॅरेजातला रेडिओ बंद करतो. नट सुटल्यावर बंद करण्यात काही अर्थ नसतो.

आवाज ऐकला, की त्यानंतर काहीही करावयाचे नाही. हे सांगणे सोपे आहे. प्रत्यक्षात आपला हात आपोआप गाडी हलवून पाहतो. कोणी ती स्टँडवरून उतरवतो, कोणी हवेच्या नळीने फुंकर घालतो, आणि कोणी तर ‘फिरतंय का बघू’ म्हणून किक मारतो. किक मारली की आतले गजनावारी वजनाचे फिरते चाक हलते. पोलादी नट त्या चाकाच्या आणि ॲल्युमिनियमच्या भिंतीच्या मध्ये सापडला, तर पोलाद हार मानत नाही, भिंत तडकते. दात्यांच्या मध्ये सापडला तर दाता जातो. आणि हवेची फुंकर म्हणाल, तर जो नट दोन बोटांवर होता तो तिने वीतभर खोल जातो. तेव्हा गाडी जशी आहे तशीच ठेवावी, किकला व चाकाला हात लावू नये, आणि बॅटरी घेऊन आधी नुसते पाहावे.

या बाबतीत आपण पृथ्वीवर राहतो हे आपले भाग्य समजावे. नोव्हेंबर २००८ मध्ये अंतराळ स्थानकाबाहेर काम करताना एका अमेरिकन अंतराळवीर महिलेच्या हातून अख्खी हत्यारांची पिशवी निसटली. पिशवीत ग्रीसची बंदूक गळली होती, आणि ते ग्रीस पुसण्याच्या भरात पिशवी दूर तरंगत गेली. ती पुढे कित्येक महिने पृथ्वीभोवती फिरत राहिली आणि ऑगस्ट २००९ मध्ये वातावरणात शिरून जळून गेली. आपला नट निदान खाली जातो. खाली जाताना तो कुठे अडकेल हे मात्र इंजिनाची रचना ठाऊक असल्याखेरीज सांगता येत नाही, म्हणून थोडे त्या रचनेकडे वळू.

आपल्याकडे मोटारसायकलींच्या दोन घराण्यांवर मिस्त्री लोक वाढले. एक बुलेटचे. मद्रासेत १९५५ साली तिची जुळणी सुरू झाली. दुसरे घराणे दोन-स्ट्रोक गाड्यांचे: म्हैसूरची जावा आणि पुढे तिचीच येझदी, राजदूत, आणि १९८५ पासून आलेली यामाहा आरएक्स १००. आज या दोन-स्ट्रोक गाड्या कारखान्यातून निघत नाहीत, पण हौशी लोकांनी त्या जिवापाड सांभाळल्या आहेत, आणि सांभाळणे म्हणजे वरचेवर उघडणे.

दोन-स्ट्रोक गाडीचा ब्लॉक वर उचलून काढला की काय दिसते? मध्ये कनेक्टिंग रॉड उभा, त्याच्या डोक्यावर पिस्टन, आणि रॉडच्या पायाशी चेंबरचे उघडे तोंड. पिस्टन आणि रॉड यांना जोडणारी एक पोकळ पिन असते. गॅरेजात तिला गजन पिन म्हणतात. ही पिन बाजूला सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना तारेचे एकेक लॉक असते. पातळ तार, अर्धवर्तुळापेक्षा थोडी जास्त वळलेली, आणि स्प्रिंगच्या स्वभावाची. ती खाचेतून काढताना पक्कडीने दाबावी लागते. दाबलेली स्प्रिंग सुटली की कुठे जाईल याचा नेम नसतो, आणि तिच्या बरोबर खाली ते तोंड आ वासून बसलेले असते. गाडी बनविणाऱ्याने माणसाची परीक्षा पाहण्यासाठी यापेक्षा चांगली जागा शोधली नसती.

आता हे लॉक आत गेले तर काय होईल? बुलेटसारख्या चार-स्ट्रोक गाडीत खालच्या चेंबरात तेलाचा वावर असतो. पडलेली वस्तू तळाशी जाऊन बसते किंवा फिरत्या चाकाखाली येते. दोन-स्ट्रोक गाडीत गोष्ट वेगळी आहे. तिथे पेट्रोल व हवेचे मिश्रण आधी या खालच्या चेंबरातच शिरते, आणि पिस्टन खाली आला की बाजूच्या वाटांनी वर, पिस्टनच्या डोक्यावर, जाते. म्हणजे खालून वर जाण्याचा राजमार्ग तयारच आहे. गाडी चालू झाली की ती तार आज ना उद्या त्या वाटेने वर येते, पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये सापडते, किंवा ब्लॉकच्या खिडकीच्या कडेला अडकते. प्लगचे टोक वाकते, पिस्टनच्या माथ्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात, ब्लॉकला ओरखडा जातो. हे सौम्य. जड प्रकार असा, की पिस्टन जागीच धरतो आणि त्याबरोबर मागचे चाकही धरते. भरधाव गाडीचे मागचे चाक अचानक अडकले म्हणजे काय, हे इथल्या तरुणांना मी सांगावयाला नको.

एवढ्या मोठ्या अनर्थावर उपाय काय? एक फडके. ब्लॉक उचलताच, तो पुरता बाहेर येण्याच्याही आधी, रॉडभोवती स्वच्छ फडके कोंबून तोंड बंद करावे. पण फडके एकच असावे, मोठे असावे, सुती पण सूत न सुटणारे असावे, आणि त्याचे एक टोक हातभर बाहेर लोंबत ठेवावे. कापसाचा वेस्ट कोंबू नये. त्याचे तंतू आत राहतात. आणि लहान लहान चिंध्या तर मुळीच नकोत, कारण त्यांतली एखादी आत विसरते. शस्त्रक्रियेच्या खोलीत पोटात ठेवलेले कापड मोजून ठेवतात आणि मोजून काढतात. शिवाय त्या कापडात क्ष-किरणांत दिसणारा धागा विणलेला असतो. डॉक्टरांसारख्या शिकलेल्या माणसांना जी मोजदाद करण्यात कमीपणा वाटत नाही, ती मिस्त्रीने करावी.

आणि फडके न लावता लॉक गेलेच तर? चुंबकाची काडी रॉडच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू फिरवून पाहावी. नाही लागले तर माझे मत स्पष्ट आहे: इंजिन फ्रेममधून उतरवावे, दोघांनी धरून उपडे करावे, खाली परात ठेवावी आणि हलवावे. यात अर्धा दिवस जातो. पुष्कळ मिस्त्री इथे कंटाळतात आणि ‘बसलं असेल कुठेतरी, नाही काही होत’ म्हणतात. ‘कुठेतरी’ हा शब्द मी माझ्या वर्गात उच्चारू देत नसे.

आता हत्यारांकडे. सर्वांचे लाडके हत्यार म्हणजे चुंबक. १९८०च्या दशकाच्या आरंभी जपान आणि अमेरिका या दोन्ही देशांत निओडिमियम या धातूपासून फार प्रबळ चुंबक तयार झाले, आणि आज पेन्सिलीएवढ्या काडीच्या टोकावरचा चुंबक चांगला जाड नट उचलतो. पण चुंबकाला जातपात फार. कार्ब्युरेटरचा जेट पितळेचा, ड्रेनच्या नटाखालचे वायसर तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे. यांच्याकडे तो ढुंकून पाहत नाही. स्टेनलेस स्टीलचे तर दोन तट आहेत. घरी जाऊन एक चुंबक घ्या आणि भांड्यांना लावून पाहा. काहींना चिकटेल, काहींना नाही. हौशी लोक गंजत नाहीत म्हणून गाडीला स्टेनलेसचे बोल्ट लावतात, त्यांतले बरेचसे दुसऱ्या तटातले असतात. म्हणून आत चुंबक फिरवीत तासभर घालविण्यापूर्वी, जो पडला त्याच्या जोडीदाराला बाहेर चुंबक लावून पाहावा. जोडीदार चिकटला नाही तर आतलाही चिकटणार नाही.

दुसरी अडचण उलटी आहे. चुंबक वाटेतल्या लोखंडालाच चिकटत जातो. बीडाच्या ब्लॉकमध्ये तो पाऊलभर पुढे सरकत नाही. यावर युक्ती अशी, की काडी सरबताच्या प्लॅस्टिक नळीत घालावी आणि फक्त टोक उघडे ठेवावे. बाजूचे चिकटणे थांबते. चुंबक जाडा असेल आणि फट बारीक असेल तर लांब पेचकसाच्या दांड्याला चुंबक चिकटवावा. टोकाशी थोडे चुंबकत्व उतरते आणि वायसर उचलण्यापुरते ते पुरते.

एक जागा मात्र अशी आहे, की जिथे चुंबक आधीच बसलेला आहे आणि आपणच त्याला विसरतो. गाडीची वीज तयार करणाऱ्या फिरत्या चाकात, ज्याला गॅरेजात ‘मॅग्नेट’ म्हणतात, त्यात कायमचे चुंबक असतात. ते चाक काढून बाकावर ठेवले, की आसपासचा बारीक नट, वायसर, चंद्रकोरीसारखी चावी मुकाट्याने त्याच्या आतल्या बाजूला जाऊन चिकटते. मिस्त्री सगळी जमीन झाडतो, आणि शेवटी चाक परत बसवतो. किक मारली की आतल्या तारेच्या गुंडाळ्या कापल्या जातात. हरवलेल्या बारीक वस्तूचा शोध मी नेहमी तिथून सुरू करावयाला सांगे.

पितळ, तांबे, ॲल्युमिनियम यांच्यासाठी ग्रीस आहे. सायकलच्या स्पोकच्या टोकाला घट्ट ग्रीसचा किंवा मऊ मेणाचा गोळा लावून अलगद टेकवावा. जेट चिकटून वर येतो. काही जण कणकेचा गोळा सुचवतात. कणीक पोळीसाठी ठेवावी. तिचे कण इंजिनात राहिले तर तेलाच्या वाटा बुजवतात. स्पोकचे टोक वाकवून आकडा होतो, जुन्या क्लच केबलची एक तार दुमडून नळीतून ओवली की फास होतो. दंतवैद्याचा आरसा हा मला सर्वांत उपयोगी वाटतो, आणि आता तर मोबाइलला जोडावयाचा बारीक नळीचा कॅमेरा मिळतो. प्लगच्या भोकातून तो आत घातला की पिस्टनच्या माथ्यावर बसलेले वायसर घरबसल्या दिसते. नव्या गाड्यांमध्ये, विशेषतः एप्रिल २०२०च्या प्रदूषण-नियमांनंतरच्या, इतक्या तारा आणि नळ्या दाटल्या आहेत की या कॅमेऱ्याला पर्याय उरलेला नाही.

दोन धोके इथेच सांगून टाकतो. घरातला धूळ ओढणारा व्हॅक्युम क्लीनर बारीक नळी लावून वायसर ओढावयाला चांगला, पण पेट्रोलची वाफ असेल तिथे तो कधीही लावू नये. त्याच्या मोटारीत ठिणगी असते आणि तो तीच वाफ त्या ठिणगीवर ओढून घेतो. आणि पेट्रोलच्या टाकीत झाकणाचा स्क्रू पडला तर टाकी उतरवून, रिकामी करून, उपडी करावी. वाफेने भरलेल्या टाकीत दिवा किंवा कॅमेरा सोडण्याचे धाडस शौर्यात मोडत नाही.

सावधगिरीचे बाकीचे उपाय आपणांस सुचण्यासारखेच आहेत. नट पान्यात सैल बसत असेल तर मध्ये कागदाचा कपटा घालावा. खाली परात किंवा पांढरे कापड. कार्ब्युरेटर काढला की इंजिनाच्या त्या उघड्या तोंडात बोळा. चेनचे लॉक काढताना वर तळहाताचे छत्र. पुठ्ठ्यावर इंजिनाचे चित्र काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवावा. काम संपल्यावर पुठ्ठा रिकामा दिसला पाहिजे. ‘एक उरला, कंपनीने जास्तीचा दिला असेल’ हा विनोद सगळ्या गॅरेजांत चालतो. मला तो कधी हसवू शकला नाही.

आणि आता मी ज्यासाठी उभा राहिलो आहे तिथे येतो.

एका गॅरेजातली हकीकत सांगतो; गाव आणि नाव सांगणार नाही. आरएक्स १०० गाडी पिस्टन बदलण्यासाठी आली होती. काम करणारा मुलगा सतरा-अठरा वर्षांचा, हाताने हुशार. पिनचे लॉक बसवताना उडाले आणि आत गेले. कोणी पाहिले नाही. त्याने खणातून दुसरे लॉक काढले, बसवले, ब्लॉक चढवला, गाडी दिली. गाडीवर एक शाळामास्तर आणि मागे त्यांची पत्नी. चार-पाच किलोमीटर गेल्यावर मागचे चाक धरले. रस्ता रिकामा होता आणि वेग बेताचा होता, म्हणून खरचटण्यावर निभावले. ब्लॉक उघडला तेव्हा खिडकीच्या कडेला ती तार रुतलेली सापडली. पुढे मी त्या मुलाला एकीकडे घेऊन विचारले, “अरे, पडलं हे तुला ठाऊक होतं ना? मग उस्तादांना सांगितलं का नाहीस?” तो खाली बघून म्हणाला, “मागच्या खेपेला सांगितलं होतं, सर.”

मागच्या खेपेला काय झाले ते मी विचारले नाही. त्याच्या उस्तादाचा हात मी पाहिलेला होता.

बंधूंनो, चुंबक, आरसा, कॅमेरा ही सगळी हत्यारे पडल्याचे ठाऊक असेल तरच उपयोगाची. आणि पडल्याचे पहिल्याप्रथम ज्याला कळते तो गॅरेजातला सर्वांत धाकटा, सर्वांत कमी पगाराचा, आणि सर्वांत जास्त मार खाणारा माणूस असतो. त्याच्या तोंडून ‘पडला’ हा शब्द निघतो की नाही, यावर गिऱ्हाइकाचा जीव अवलंबून असतो. आपल्याकडे शागिर्दाला हाताखाली घेतला म्हणजे एक थप्पड मारण्याचा अधिकार आपोआप मिळतो, अशी समजूत आहे. त्या थपडेने मुलाचा हात स्थिर होत नाही. नट पडतच राहतात. मुलगा एवढेच शिकतो, की पडल्यावर इकडे तिकडे पाहावे आणि खणातून दुसरा काढावा.

आपण म्हणाल, मोटारसायकलच्या एका नटाचे एवढे काय? वस्तूच्या आकारावर जाऊ नका. १८ सप्टेंबर १९८० रोजी अमेरिकेच्या आर्कान्सॉ राज्यात, डमॅस्कस या गावाजवळ, जमिनीखालच्या विहिरीत टायटन-२ जातीचे क्षेपणास्त्र उभे होते आणि त्याच्या टोकावर अण्वस्त्र होते. देखभालीचे काम करणाऱ्या जवानाच्या पान्याचे सॉकेट निसटले. वजन सुमारे ३.५ किलो. ते सुमारे २४ मीटर खाली गेले, आपटून उसळले आणि क्षेपणास्त्राच्या इंधनटाकीला भोक पाडून गेले. रात्रभर इंधन गळत राहिले, आणि पहाटे स्फोट झाला. विहिरीचे शेकडो टनांचे झाकण उडाले, अण्वस्त्र बाहेर फेकले गेले. ते फुटले नाही म्हणून जग वाचले असे म्हणत नाही, पण एक राज्य खासच वाचले. एक जवान प्राणास मुकला, वीसएक जखमी झाले. हे पडणे निदान तिथल्या तिथे कळले होते. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ काँकॉर्ड विमान कोसळले, तेव्हा धावपट्टीवर सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीची धातूची पट्टी पडलेली होती. थोड्या मिनिटांपूर्वी उडालेल्या दुसऱ्या विमानाची ती होती, आणि ती पडली हे कोणालाच ठाऊक नव्हते. फ्रेंच चौकशीच्या निष्कर्षाप्रमाणे काँकॉर्डचे चाक तिच्यावरून गेले, टायर फुटला, त्याचा तुकडा पंखातल्या टाकीवर आदळला आणि आग लागली. ११३ माणसे मेली.

म्हणूनच विमानाच्या कारखान्यात भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. काम संपले आणि एक आकृती रिकामी दिसली, तर विमान जागचे हलत नाही. आमच्या भागातल्या एका मिस्त्रीने, विमानाचा कारखाना जन्मात न पाहता, आपल्या तीन माणसांच्या गॅरेजात एक रिवाज घातला होता. कोणाच्याही हातून काही सुटले की त्याने मोठ्याने “पडला!” असे ओरडावयाचे. ओरड ऐकली की तिघांनी हातातले काम थांबवावयाचे, कोणी उठावयाचे नाही, पाय हलवावयाचा नाही. मग ओरडणाऱ्याने काय आणि कुठे ते सांगावयाचे. हा मिस्त्री स्वतःच दिवसातून दोनदा ओरडत असे. माझा संशय असा आहे, की त्यांतल्या निम्म्या वेळा त्याच्या हातून काही पडलेले नसे. मुलांची जीभ सैल व्हावी म्हणून तो ओरडे. मी त्याला तसे विचारले तेव्हा त्याने चहा मागवला आणि विषय बदलला.

आता प्रश्न राहतो पैशांचा, आणि तो आपला गिऱ्हाइकांचा आहे. नट सापडला नाही असे धरा. जमीन झाडली, चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून केरातून फिरवला, ब्लॉकच्या पात्यांमधून पाहिले, विजारीच्या दुमडीत आणि चपलेच्या तळव्याला पाहिले, नाही. मग तो आतच आहे असे धरून चालले पाहिजे, आणि इंजिन उघडले पाहिजे. तेल बारीक गाळणीतून काढले पाहिजे. हा एक दिवस कोणाच्या खात्यावर? मिस्त्रीच्या, यात शंका नाही. पडला त्याच्या हातून. पण आपण काय करतो? संध्याकाळी सहाला गॅरेजच्या दारात उभे राहून घड्याळ दाखवतो. “काय हो, सकाळी देतो म्हणाला होतात.” तो मुकाट्याने झाकण लावतो. मला आपल्याकडे एवढेच मागावयाचे आहे, की मिस्त्री जर म्हणाला, “साहेब, एक वायसर आत गेलंय, उद्या घेऊन जा,” तर त्याच्यावर चिडू नका. रिक्षाने घरी जा. असे सांगणारा मिस्त्री सापडला आहे, ही बातमी शेजाऱ्यांनाही सांगा. आणि त्याच्या हाताखालच्या पोराला चहाचे पैसे द्या, कारण बहुधा ती बातमी त्यानेच वर पोचवलेली असते.

चिटणीस वेळ संपल्याची खूण करीत आहेत. तीन चिठ्ठ्या आल्या आहेत. दोन बुलेटच्या तेलगळतीविषयी आहेत. त्या गृहस्थांनी मला बाहेर भेटावे, तो विषय एका व्याख्यानात मावणारा नाही. तिसरी भगिनींच्या बाजूने आली आहे: “कानातल्या कुडीचे मळसूत्र बेसिनमध्ये पडले आहे, सोन्याचे आहे, आपण सांगितलेले उपाय चालतील का?”

सगळे चालतील, चुंबक तेवढा सोडून, कारण सोने त्याच्या जातीतले नाही. मुख्य म्हणजे पाणी सोडू नका. घरी कोणी हात धूत असेल तर आताच निरोप पाठवा. बेसिनखाली बाटलीच्या आकाराचा एक भाग असतो, त्याच्या तळाशी पाणी साचून राहते आणि जड वस्तू तिथेच बसते. खाली आधी बादली ठेवा, मग तो तळ हाताने फिरवून काढा. घट्ट असेल तर फडके गुंडाळून फिरवा. जे पाणी पडेल ते फेकण्यापूर्वी चहाच्या गाळणीतून गाळा. परत बसवताना त्याची रबरी चकती जागेवर आहे ना, ते पाहा. बहुधा तीच खाली पडते.